सुट्टी, पथ्य आणि बेंगळुरूचं 'बाय-टू'



मी आहारतज्ज्ञ आहे. मूळची सांगलीची, पण गेली 17 वर्षं बेंगळुरूत आहे. दिवसभर रुग्णालयात मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवाल्यांशी बोलते, आणि दिवाळी झाली किंवा मे महिना आला की घरी पाहुण्यांशी बोलते. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे येणारच. हवा छान, म्हैसूर-उटी जवळ, आणि ज्यांची मुलं इथे आयटीत आहेत अशा आईवडिलांची तर वारीच असते. तर आज बोलायचंय ते या पाहुण्यांच्या खाण्याबद्दल. सुट्टीवर आल्यावर खायचं कसं? म्हणजे मजाही राहील आणि परत गेल्यावर डॉक्टरांसमोर रिपोर्ट ठेवताना हातही थरथरणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, "सुट्टीत कसलं आलंय पथ्य? घरी गेल्यावर बघू." दुसरा पंथ घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डाएट चिवडा बांधून आणतो आणि हॉटेलात सगळे खात असताना पाण्याचा ग्लास धरून बसतो. मला विचाराल तर दोन्ही पंथांचं काहीतरी चुकतंय, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या पंथाची मला जास्त काळजी वाटते. का, ते पुढे येईल.

आधी पहिल्या पंथाच्या 'घरी गेल्यावर बघू'चा हिशोब करू. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 122 प्रौढांची वजनं घेतली होती. एक ते तीन आठवड्यांच्या सहलीआधी, सहलीहून आल्यावर आणि नंतर सहा आठवड्यांनी. 2016 साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी वाढ किती, तर साधारण 300 ग्रॅम. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण सहा आठवड्यांनी ते 300 ग्रॅम तिथेच होते. 'घरी गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यांनी घरी गेल्यावर काही बघितलं नव्हतं. दरवर्षी एक-दोन सहली धरा आणि वयाच्या पस्तिशीपासून पंचावन्नपर्यंत बेरीज करा. पँट का होत नाही याचं उत्तर त्यात सापडेल. मात्र त्याच अभ्यासात लोकांचा ताण कमी झालेला दिसला, आणि तो कमी झालेला ताण नंतरही टिकला. म्हणजे सुट्टी औषधच आहे. ते सोडायचं नाही.

आता बेंगळुरू. या शहराने खाण्याच्या बाबतीत एक फार शहाणी सोय करून ठेवली आहे आणि तिला पोषणशास्त्राशी काही देणंघेणं नाही. तिचं नाव 'बाय-टू'. कुठल्याही दर्शिनीत जा, दोन माणसं येतात आणि सांगतात, "बाय-टू कॉफी". एक कॉफी, दोन पेल्यांत. सूपसुद्धा बाय-टू मागतात. आपल्याकडे मुंबईत कटिंग आहे, पण कटिंग चहापुरतं राहिलं. इथे 'अर्धं द्या' म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही आणि वाढणाऱ्याच्या कपाळावर आठीही पडत नाही. पुण्यात हे मागून बघा! असो.

दर्शिनी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उभं राहून खायचं, स्वतः घ्यायचं, स्वच्छ आणि स्वस्त असं हॉटेल. 1983 साली जयनगरमध्ये कॅफे दर्शिनी निघालं आणि मग शहरभर ही पद्धत पसरली. उभं राहून खाण्याचा फायदा असा की माणूस रेंगाळत नाही. खाल्लं, हात धुतला, निघाला. 'अजून एक मागवू का' हा प्रश्न बसलेल्या माणसाला पडतो. उभ्या माणसाला परत काउंटरवर जाऊन कूपन घ्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोचतो.

तर पहिली गोष्ट, या शहरात चार माणसांनी चार डोसे मागवायचे नाहीत. दोन डोसे, दोन प्लेट इडली, एक वडा, आणि सगळं मधे ठेवायचं. मल्लेश्वरमच्या सीटीआरचा बेण्णे मसाला असो की गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनचा, जे 1943 पासून आहे, डोशाची खरी मजा पहिल्या चार-पाच घासांत असते. कुरकुरीत कड, मग आतली मऊ बाजू, मग भाजी. पुढचे घास आपण संपवायचं म्हणून खातो. बेण्णे म्हणजे लोणी. आणि तुपाला कन्नडमध्ये म्हणतात 'तुप्प', ऐकल्याबरोबर आपलंच वाटतं. एक चमचा तूप म्हणजे 5 ग्रॅम, म्हणजे 45 कॅलरी. डोशावर किती चमचे पडतात ते तव्याजवळ उभे राहून मोजा. मी मोजलेत. आकडा सांगत नाही, तुमची भूक मरेल.

इडली ही मात्र सुट्टीतली मोठी मैत्रीण. वाफवलेली, आंबवलेली, तेल जवळजवळ नाही. शंकरपुरममध्ये ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, 1965 पासूनचं. तिथे इडली, वडा, खारा बात, केसरी बात आणि कॉफी, साधारण एवढंच मिळतं. सांबार नाहीच, फक्त चटणी. लोक रस्त्यावर उभे राहून खातात आणि चटणी परत परत मागतात. चटणीत खोबरं आणि मीठ दोन्ही असतं हे रक्तदाबवाल्यांनी लक्षात ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. चटणीची वाटी पिऊ नका एवढंच.

रवा इडलीची गोष्ट तर सांगायलाच हवी. लालबागजवळचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, 1924 साली सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा त्यांनी रव्याची इडली करून बघितली असं ते सांगतात. टंचाईतून आलेला पदार्थ आज आपण चैन म्हणून खातो. वर काजू, बाजूला तूप आणि बटाट्याची भाजी. खा, जरूर खा. पण रवा म्हणजे गहूच, तेव्हा 'इडली आहे, हलकी आहे' असं म्हणून मधुमेहवाल्यांनी तीन खाऊ नयेत.

आणि चौ चौ बात! अर्धा खारा बात म्हणजे उपमा, अर्धा केसरी बात म्हणजे आपला शिरा, एकाच ताटलीत. केसरी बातात रव्याइतकी किंवा त्याहून जास्त साखर असते. ही ताटली चौघांत एक. प्रत्येकी दोन चमचे गोड, सकाळी सकाळी, कॉफीच्या आधी. सुख यापेक्षा वेगळं काय असतं?

आता जरा गंभीर बोलते, कारण या गोष्टीत माणूस जाता जाता वाचतो.

रविवारी सकाळी इथल्या प्रसिद्ध टिफिन हॉटेलांपुढे रांगा लागतात. नाव लिहून घेतात आणि पुकारा होईपर्यंत फुटपाथवर उभं राहायचं. तासभर सहज जातो. अशाच एका रांगेत माझ्यापुढे लातूर भागातलं एक कुटुंब होतं. आजोबा सत्तरीचे असतील. अर्ध्या तासाने ते चिडचिड करायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबांना रांग सहन होत नाही." मी बघितलं तर कपाळ घामाने डबडबलेलं. आणि बेंगळुरूच्या सकाळी, डिसेंबरात, घाम? हात धरला तर थंडगार आणि थरथरता. मी विचारलं, "काका, साखरेची गोळी घेतलीत का?" म्हणाले, "आठला घेतली, नेहमीसारखी. जेवणाआधी घ्यायची ना." तेव्हा साडेनऊ झाले होते. पोटात सकाळचा अर्धा कप बिनसाखरेचा चहा.

शेजारच्या टपरीवरून साखर मागून घेतली, तीन-चार चमचे पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांत काकांचा चेहरा परत आला, आणि मग टपरीवालीनेच दोन केळी काढून दिली. पैसे घेतले नाहीत तिने. कुटुंबाला वाटत होतं, वय झालंय, दमले.

तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल तर हे नीट ऐका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर खाणं लांबलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. तुमची गोळी कुठली आहे हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आणि सहलीत वेळा बदलतील तेव्हा काय करायचं तेही तेव्हाच विचारा. जेवणाआधीची गोळी घड्याळ बघून घ्यायची नसते, ताट बघून घ्यायची असते. रांगेत गोळी घ्यायची नाही, टेबल मिळाल्यावर, ऑर्डर दिल्यावर घ्यायची. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर हवीच. बिस्किट, चॉकलेट त्या वेळी चालत नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू पोचते. घाम, थरथर, चिडचिड, धडधड, बरळणं यातलं काही दिसलं तर आधी साखर द्या, मग चर्चा करा. यंत्र जवळ असेल तर 70 च्या खालचा आकडा म्हणजे कमीच. पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि बरं वाटल्यावर थोडं खायला घाला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

रांग टाळायची सोपी युक्ती म्हणजे घरातून निघताना एक यालक्की केळं खाऊन निघा. यालक्की म्हणजे वेलची केळं, बोटाएवढं. इथे हॉपकॉम्सची दुकानं जागोजागी आहेत, ती शेतकऱ्यांची सहकारी संस्था, 1959 पासूनची. फळं रास्त भावात मिळतात. तिथे रसही मिळतो, पण रसापेक्षा फळ घ्या, चावून खायला.

आता दुसऱ्या पंथाकडे येते. माझी एक आत्या आहे, बायपास झालेली. चार वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा तिने आठ दिवसांचं खाणं डब्यात आणलं होतं. आम्ही सगळे बाहेर जायचो, ती सोबत यायची आणि डबा उघडून बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जा, मी घरी थांबते." आणि खरंच थांबली. मला ते फार लागलं. ऑपरेशन हृदयाचं झालं होतं, आणि त्याने तिला माणसांतून उठवलं होतं. डॉक्टरांनी तिला 'बाहेर जाऊ नका' असं कधी म्हटलं नव्हतं. तळलेलं, खारट आणि लोणी-तूप जपून, एवढंच म्हटलं होतं. भीतीने त्याचा अर्थ 'काहीच नको' असा लावला.

मग मी तिला दुपारी केळीच्या पानावरच्या जेवणाला नेलं. ऊटाला. तिला म्हटलं, नुसतं बघायला चल. आणि इथे कर्नाटकाच्या पानाने माझं काम सोपं केलं. पानावर आधी काय पडतं? कोसंबरी. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, थोडं खोबरं, लिंबू. आत्या म्हणाली, "अगं, ही तर आपली कोशिंबीर!" शब्दसुद्धा आपला भाऊबंद. मग पल्य, म्हणजे भाजी. सोप्पु, म्हणजे पालेभाजी. भात नंतर येतो. म्हणजे आधी डाळ आणि भाजी पोटात जाते आणि मग भात. आधी भाज्या आणि प्रथिनं खाल्ली तर नंतरच्या भाताने साखर कमी चढते हे अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, आणि पान वाढणाऱ्यांनी हे फार पूर्वीपासून चालवलंय. फक्त एक जपायचं, भात तीनदा येतो. सारासोबत, हुळीसोबत आणि मोसरुसोबत, म्हणजे दह्यासोबत. दोनदा 'साकु' म्हणायचं. साकु म्हणजे पुरे. आत्याने हुळीच्या भाताला 'साकु' म्हटलं, हप्पळ म्हणजे पापड बाजूला काढून ठेवला आणि ओब्बट्टू, म्हणजे पुरणपोळी, अर्धी घेतली. उरलेली अर्धी तिने माझ्या पानावर ठेवली. झालं की बाय-टू! नंतर संध्याकाळी ती नातवंडांबरोबर लालबागेत चालली. डबे चौथ्या दिवशी आम्हीच घरी संपवले.

चालण्याचं म्हणाल तर बेंगळुरू त्यासाठीच वसवलंय असं मला कधी कधी वाटतं. समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर आहे, भर उन्हाळा सोडला तर दिवसाही चालता येतं. लालबाग 240 एकर. मधे जो खडक आहे तो सुमारे 300 कोटी वर्षं जुना, त्यावर केंपेगौडाचा बुरूज. नाश्ता गांधी बाजारात करा आणि लालबागेपर्यंत पायी या. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेचा चढ कमी होतो. ट्रॅफिकमुळे गाडीपेक्षा लवकर पोचाल ते वेगळंच.

मांसाहारी मंडळी म्हणतील, बाई सगळं शाकाहारीच सांगतायत. नाही हो. मिलिटरी हॉटेल म्हणजे इथलं मांसाहारी खाणं, आणि त्यातली बरीच मराठा कुटुंबांनी चालवलेली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल 1935 पासूनचं. शहाजीराजांकडे सतराव्या शतकात बेंगळुरूची जहागीर होती, तेव्हापासून मराठी माणूस या शहरात आहे. त्यांची मराठी ऐकाल तर गंमत वाटेल, कन्नड चालीवर चालते. तिथे डोन्ने बिर्याणी मिळते, डोन्ने म्हणजे द्रोण. आणि मिळते रागी मुद्दे.

मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढा. चावायचा नाही, तुकडा तोडून रश्श्यात बुडवून गिळायचा. पहिल्यांदा खाणाऱ्याची तारांबळ बघण्यासारखी असते. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हाडांसाठी उत्तम. पण 'नाचणी आहे, साखर वाढत नाही' असं जे मोबाइलवर फिरतं ते खरं नाही. नाचणीच्या पिठात दोन तृतीयांश भाग पिष्टच आहे. एक मुद्दे दोघांत घ्या, सोबत मटण रस्सा किंवा सोप्पु सारु, आणि मग बिर्याणी नको. मुद्दे किंवा बिर्याणी, दोन्ही एका दुपारी नाही. संध्याकाळचा चहा-भजी कार्यक्रम त्या दिवशी रद्द.

रात्रीच्या जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. इथे पाहुण्यांचं वजन वाढतं ते डोशाने नाही, रात्री साडेदहाच्या मॉलमधल्या जेवणाने. दिवसभर फिरून दमलेले, ट्रॅफिकमध्ये अडकलेले, भुकेने कासावीस. असं टेबलावर बसलात की पहिल्या पाच मिनिटांत तळलेलं स्टार्टर येणारच. सहाच्या सुमाराला मूठभर भाजलेले किंवा उकडलेले शेंगदाणे खाल्लेत तर हे टळतं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारच्या आसपास आलात तर बसवनगुडीला नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. रस्ता भरून शेंगा. आणि डिसेंबर-जानेवारीत आलात तर अवरेकाईचा मोसम, म्हणजे आपला पावटा. दाणे भिजवून, साल काढून त्याचं सारु करतात, प्रथिनं भरपूर आणि चव अशी की मटणवालेही गप्प बसतात. अवरेकाईचा मेळा भरतो तिथे जिलबी आणि आइस्क्रीमसुद्धा पावट्याचं मिळतं. ते एकदा चाखा, कुतूहल म्हणून. परत मागाल असं वाटत नाही.

थोडी कन्नड शिकून घ्या, उपयोगी पडेल. 'सक्करे कम्मी' म्हणजे साखर कमी, आणि 'सक्करे बेड' म्हणजे साखर नको. कॉफी सांगतानाच हे म्हणा, कारण नंतर सांगून उपयोग नाही. 'एण्णे कम्मी' म्हणजे तेल कमी, डोसा टाकायच्या आधी. 'तुप्प स्वल्प' म्हणजे तूप थोडं. 'मज्जिगे' म्हणजे ताक, उन्हात कोल्ड्रिंकऐवजी हेच मागा. शहाळ्याला 'एळनीरु'. शहाळं चांगलंच, पण ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, त्यात पोटॅशियम बरंच असतं. वाढणाऱ्याला 'अण्णा' म्हणा, बाईंना 'अक्का'. हे दोन्ही शब्द तुम्हाला आधीच येतात.

परतीच्या प्रवासाचं एक सांगते आणि थांबते. उद्यान एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर गाडीत जवळजवळ पूर्ण दिवस काढायचाय. सोबत इडल्या घ्या, मोळगपुडी लावलेल्या, म्हणजे आपली डाळींची कोरडी चटणी. प्रवासात टिकतात, सांडत नाहीत. संत्री किंवा पेरू घ्या. दर स्टेशनला वडा येईल, त्याला येऊ द्या. म्हैसूर पाक घ्यायचाच, न घेता परत गेलात तर शेजारी विचारतील. पण पाव किलोचा डबा घ्या, एकच, आणि सीलबंद घ्या. उघडा घेतलात तर गुंटकलपर्यंत संपतो, आणि मग सोलापूरला उतरणाऱ्यांना दाखवायलासुद्धा काही राहत नाही.